म्राविन्स्कीची ध्वनिमुद्रणं: सूची तबकड्यांची नको, वादनांची करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: रशियन वाद्यवृंद-संचालक येव्हगेनी म्राविन्स्कीच्या साठेक एलपी, काही सीडी आणि बऱ्याच डिजिटल फायली जमल्या आहेत. एक्सेलमध्ये यादी केली तर एकच सिंफनी सात-आठ वेळा येते, छापलेल्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत आणि यातली कोणती वादनं मुळात एकच आहेत हे कळत नाही. सूची कशी लावावी?

तुमची माहिती चुकलेली नाही, ओळ चुकली आहे. एक तबकडी म्हणजे एक ओळ हा हिशेब कपाटासाठी ठीक. वाद्यवृंद-संचालकाच्या सूचीत एक ओळ म्हणजे एक वादन: अमुक कृती, अमुक दिवशी, अमुक सभागृहात, अमुक वाद्यवृंदानं वाजवली. आपल्याकडे मैफलींच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह करणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. एकच पूरिया कॅसेटवर, सीडीवर आणि कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर तीन वेगळ्या तारखांनी फिरत असतो, आणि त्यातली एक तारीख हटकून कॅसेट भरल्याची निघते.

म्राविन्स्कीच्या बाबतीत हा गुंता जास्तच आहे, आणि त्याचं कारण त्याच्या कारकिर्दीतच आहे. १९३८ साली मॉस्कोतली अखिल सोव्हिएत संचालक-स्पर्धा तो जिंकला, त्याच वर्षी लेनिनग्राड फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला आणि १९८८ साली मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिला. पन्नास वर्षं एकच वाद्यवृंद, बहुतेक वेळा एकच सभागृह, आणि मोजक्याच कृती पुन्हा पुन्हा घासून वाजवायची सवय. त्यात स्टुडिओतली त्याची ध्वनिमुद्रणं १९३८ ते १९६१ या काळातलीच. त्यानंतर जे काही बाजारात आलं ते प्रत्यक्ष मैफलींमधलं. म्हणजे कृती तीच, वाद्यवृंद तोच, जागा तीच. दोन वादनांत फरक करायला उरते फक्त तारीख, आणि नेमकी तारीखच सगळ्यात कच्ची.

म्हणून चार वेगळी पानं करा: कृती, वादन, प्रकाशन, प्रत.

कृतीच्या पानावर रचनाकार, कृती आणि तिचा ओपस (रचनाकाराच्या कृतींचा क्रमांक) किंवा सूची-क्रमांक लिहा; नुसत्या सिंफनी-क्रमांकावर विसंबू नका. शुबर्टची ‘अपूर्ण’ सिंफनी बहुतेक ठिकाणी आठवी असते, तर जर्मन प्रकाशनांवर सातवी. डी ७५९ हा तिचा सूची-क्रमांक लिहिला की वाद मिटला. वादनाच्या पानावर तारीख, शहर, सभागृह, वाद्यवृंद, एकलवादक, स्टुडिओ की मैफल, मोनो की स्टीरिओ, प्रत्येक भागाची मोजलेली वेळ, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना: तारीख कशावरून ठरवली. प्रकाशनाच्या पानावर लेबल, क्रमांक, देश, आणि छापलेली तारीख जशीच्या तशी, चुकीची असली तरी. प्रतीच्या पानावर तुमच्याकडची वस्तू: कारखाना, शेवटच्या खोबणीजवळ कोरलेला मजकूर, ओरखडे, कपाटातली जागा.

वादनाला स्वतःचा ओळख-क्रमांक द्या आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं लिहा, म्हणजे यादी आपोआप कालानुक्रमे लागते. उदाहरणार्थ ‘शो-०६५-१९६०-०९-२३-लंडन’ म्हणजे रशियन रचनाकार शोस्ताकोविचची आठवी सिंफनी, ओपस ६५, २३ सप्टेंबर १९६०, रॉयल फेस्टिव्हल हॉल, बीबीसीनं मुद्रित केलेली. दिवस माहीत नसेल तर तिथे शून्यं ठेवा. अंदाजानं १ तारीख टाकू नका. सहा महिन्यांनी तुम्हीच ती खरी मानाल.

एक्सेलचा एक त्रास आधीच सांगून ठेवतो. क्रमांकांचा रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून बांधल्याशिवाय एकही आकडा टंकू नका. नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात, आणि जुन्या सोव्हिएत क्रमांकांत ती शून्यं तबकडीच्या आकाराशी निगडित असतात. शिवाय १०-०५ असं काही दिसलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतो.

आता सोव्हिएत लेबल कसं वाचायचं ते. क्रमांकाआधीचं रशियन अक्षर ‘डे’ असेल तर जुनी मोनो एलपी, ‘एस’ असेल तर स्टीरिओ. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पद्धत बदलली: मोनोसाठी ‘एम’, स्टीरिओसाठी ‘एस’, पुढे डिजिटलसाठी ‘ए’, आणि अक्षरानंतर दोन आकडे. पहिला आकडा संगीताचा प्रकार सांगतो, दुसरा आकार. एस१० म्हणजे अभिजात संगीताची ३० सेंमीची स्टीरिओ तबकडी, एस६० म्हणजे त्याच आकाराची लोकप्रिय गाण्यांची. त्यापुढे दोन्ही बाजूंचे क्रमांक जोडीनं येतात, कारण सोव्हिएत पद्धतीत प्रत्येक बाजूला स्वतंत्र क्रमांक असतो. हे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांपासून चालत आलेलं आहे.

इथे एक खड्डा आहे. रशियन ‘एस’ हे अक्षर दिसायला रोमन ‘सी’सारखं असतं. कुणी ते रशियन कळफलकावरून टंकतं, कुणी रोमन ‘सी’, तर कुणी लिप्यंतर करून रोमन ‘एस’. पडद्यावर पहिली दोन हुबेहूब दिसतात, पण युनिकोडमध्ये एकाचा क्रमांक ०४२१ आणि दुसऱ्याचा ००४३, त्यामुळे शोध घेतला की अर्धी यादी सापडतच नाही. ‘एम’ आणि ‘ए’ यांचंही तेच. एकच लिपी ठरवा आणि जुन्या ओळी ‘शोधा आणि बदला’ वापरून तिच्यात आणा. संचालकाच्या नावाचंही असंच: येव्हगेनी, एव्हगेनी, यूजीन, जर्मन वळणाचं डब्ल्यूवालं आडनाव, जपानी कटाकाना. प्रमाण नाव एका रकान्यात, छापलेलं दुसऱ्यात.

लेबलवर गोस्ट ५२८९ आणि त्यापुढे दोन आकडे दिसतील: ५६, ६१, ६८, ७३, ८० किंवा ८८. हे सरकारी मानकाचं वर्ष. यावरून ही प्रत केव्हा छापली याची खालची मर्यादा मिळते. मुद्रण केव्हा झालं हे अजिबात कळत नाही. ५२८९-७३ असेल तर प्रत १९७३ आधीची नाही, आणि पुढचं १९८०चं मानक लागू होईपर्यंतच्या काळातली असावी. तसंच ‘मेलोदिया’ ही सोव्हिएत सरकारी ध्वनिमुद्रण-संस्था १९६४ साली स्थापन झाली. त्यामुळे १९५४चं मुद्रण मेलोदियाच्या लेबलवर दिसलं तर हातातली प्रत पुनर्मुद्रित आहे हे उघड. त्याआधीच्या प्रतींवर अप्रेलेव्हका, लेनिनग्राडचा ‘अक्कोर्द’, रीगा, ताश्कंद असे कारखाने आणि निर्यातीसाठी ‘मेझ्दुनारोद्नाया क्निगा’ सापडेल. एकच क्रमांक अनेक कारखान्यांत छापला जाई. हा फरक प्रतीच्या पानावर जातो, वादनाच्या नाही. नवख्यांच्या याद्या इथेच फुगतात.

रशियन येत नसेल तरी चार शब्द ओळखता आले पाहिजेत. ‘दिरिझ्योर’ म्हणजे संचालक. ‘झापिस’ म्हणजे मुद्रण, आणि त्यापुढचं वर्ष बहुधा खरं मुद्रण-वर्ष असतं. ‘झापिस स कोन्त्सेर्ता’ म्हणजे मैफलीतलं. ‘बोल्शोय झाल’ म्हणजे मोठं सभागृह. या शेवटच्या शब्दानं पुष्कळांना फसवलं आहे: लेनिनग्राड फिलहार्मोनिकचंही ‘बोल्शोय झाल’ आहे आणि मॉस्को कॉन्झर्व्हेटरीचंही, आणि घाईत वाचणारा ते बोल्शोय थिएटर समजतो. शहर लिहिल्याशिवाय सभागृह लिहू नका.

वाद्यवृंदाचं नावही तितकंच निसरडं. लेनिनग्राड फिलहार्मोनिकचे वाद्यवृंद दोन होते. म्राविन्स्कीचा तो ‘झास्लुझेन्नी कोलेक्तिव्ह’, म्हणजे सन्मानप्राप्त संच. दुसरा मूळचा लेनिनग्राड रेडिओचा. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला पडलेल्या वेढ्याच्या काळात ९ ऑगस्ट १९४२ रोजी कार्ल एलियासबेर्गच्या हाताखाली शोस्ताकोविचची सातवी वाजवणारा हाच, कारण तेव्हा म्राविन्स्कीचा वाद्यवृंद नोव्होसिबिर्स्कला हलवलेला होता. १९५३ साली हा रेडिओचा संच फिलहार्मोनिकमध्ये आला. निर्यातीच्या लेबलांवर दोघांनाही नुसतं ‘लेनिनग्राड फिलहार्मोनिक’ म्हटलेलं असू शकतं. म्हणून रशियन मजकूर उपलब्ध असेल तर तोच नोंदवा.

वाद्यवृंद बरोबर आणि संचालक चुकीचा, असंही होतं. चायकोव्हस्कीच्या शेवटच्या तीन सिंफनींचा डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीचा १९५६चा मोनो संच घ्या. पाचवी आणि सहावी म्राविन्स्कीची, पण चौथी कुर्ट झांडरलिंगची. १९६०च्या स्टीरिओ संचात तिन्ही म्राविन्स्कीच्या, मात्र जागा वेगळ्या: चौथी सप्टेंबरमध्ये लंडनच्या वेम्बली टाउन हॉलमध्ये, पाचवी आणि सहावी नोव्हेंबरमध्ये व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनमध्ये. ‘चायकोव्हस्की ४, म्राविन्स्की, १९५६, डॉइच ग्रामोफोन’ अशी नोंद दिसली की समजायचं, कुणीतरी दोन खोक्यांची खिचडी केली आहे.

आता मूळ दुखणं, तारखा. सोव्हिएत कागदपत्रांत महिना बऱ्याचदा रोमन अंकात असतो, पाश्चात्य पुनर्प्रकाशनात तो साध्या अंकात येतो, आणि अमेरिकी वाचक दिवस-महिना उलटा वाचतो. ४ एप्रिलची ११ एप्रिल होणार नाही, पण ४ नोव्हेंबरची (४-११) सहज होते. दुसरा प्रकार आकडा गळण्याचा. शोस्ताकोविचच्या दहाव्या सिंफनीच्या लेनिनग्राडमधल्या वादनाला प्रकाशनांवर ३ मार्च १९७६ आणि ३१ मार्च १९७६ अशा दोन्ही तारखा सापडतात. दोन वादनं की एक, हे तारखेकडे बघून ठरवू नका. दोन ओळी करा, दोन्हींपुढे ‘तपासणी बाकी’ लिहा आणि कानानं ठरवा. तिसरा प्रकार मुद्दाम केलेला: जुनं स्टुडिओ-मुद्रण घ्यायचं, थोडा प्रतिध्वनी आणि टाळ्या चिकटवायच्या, आणि ‘अप्रकाशित मैफल’ म्हणून विकायचं. टाळ्या शेवटचा स्वर विरायच्या आत अचानक सुरू होत असतील, किंवा टाळ्यांमागचा सभागृहाचा गुंजारव संगीतापेक्षा वेगळा वाटत असेल, तर शंका घ्या. भागांच्या मधल्या जागेत एकही खोकला नसणं हीही वाईट खूण. लेनिनग्राडच्या हिवाळ्यातले श्रोते इतके निरोगी नव्हते.

दोन मुद्रणं एकच आहेत का, हे ठरवण्यासाठी नुसती एकूण वेळ कामाची नाही. ही तपासणी जरा जवळून पाहू. समजा, पहिल्या फाइलमध्ये एका भागाची लांबी १५:०० आहे आणि दुसऱ्या फाइलमध्ये १४:४३. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही उघडा आणि संगीतातल्या त्याच पाच ठिकाणी खुणा करा: झांजेचा ठोका, टिंपनीची सुरुवात, नव्या विषयाचा पहिला स्वर. खुणांमधली अंतरं सेकंदांत लिहा. पहिल्या फाइलमध्ये २००, २६५, २०५, २३० अशी येतात. दुसरीत १९६, २६०, २०१, २२६ आली, तर प्रत्येक जोडीचं गुणोत्तर १.०२च्या आसपास राहतं. म्हणजे वादन एकच, फक्त दुसरी फाइल दोन टक्के जलद धावते आहे. पण दुसरीत १९२, २६८, २०५, २१८ आली तर बेरीज तीच ८८३ सेकंद, गुणोत्तरं मात्र १.०४, ०.९९, १.००, १.०६. हे वेगळं वादन. तीन खुणांनी भागत नाही, निदान पाच हव्यात, आणि त्यातली एक तरी लय हळूहळू बदलते अशा जागी. गुणोत्तर सगळीकडे सारखं आणि एकाच ठिकाणी उडी मारत असेल, तर तिथे कापाकापी झालेली आहे किंवा एलपीची बाजू बदलते आहे. याच्या जोडीला ठळक अपघात नोंदवा: हॉर्नचा घसरलेला स्वर, पडलेली धनुकली, ठरावीक मात्रेवरचा खोकला. दोन प्रतींत तोच खोकला त्याच मात्रेवर आला की वाद संपला. म्राविन्स्कीचा वाद्यवृंद इतका काटेकोर की चुका शोधायला बसावं लागतं, आणि दोन वर्षांच्या अंतरानं वाजवलेल्या वेळाही पाच-सात सेकंदांत जुळतात. दुसऱ्या एखाद्या संचालकाच्या बाबतीत वेळेवरून जे पटकन सुटतं ते इथे सुटत नाही, ते यामुळेच.

वेळ मोजताना पहिल्या स्वरापासून शेवटच्या स्वराचा गुंजारव विरेपर्यंतच मोजा. सीडीच्या ट्रॅकवेळेत मधली शांतता आणि टाळ्या धरलेल्या असतात. शोस्ताकोविचच्या आठव्या सिंफनीत तिसरा, चौथा आणि पाचवा भाग न थांबता सलग येतात, अकराव्यात आणि बाराव्यात चारही. ट्रॅकची खूण कुठे टाकायची हे प्रत्येक लेबलनं आपल्या मनानं ठरवलेलं असतं. तिथे सलग भागांची एकत्रित वेळ लिहा, नाहीतर त्याच वादनाची दोन होतील.

वेग चुकला की सूरही चुकतो. एक टक्क्याला साधारण १७ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), आणि सहा टक्क्यांना जवळजवळ एक पूर्ण अर्धस्वर. आठव्या सिंफनीचं लेनिनग्राडमधलं १९८२चं वादन फिलिप्सच्या सीडीवर चढ्या सुरात आलं. पुढच्या काही आवृत्त्यांत ते उतरवून घेतलं गेलं. नुसत्या वेळा पाहणाऱ्याला ही दोन वादनं वाटतात. मात्र सूर तपासताना सगळं ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर आणायचा हट्ट धरू नका. वाद्यवृंद त्याहून थोडे वर लावतात आणि मैफल रंगली की आणखी चढतात. त्यापेक्षा विजेचा गुणगुणाट बघा. शांत जागेचा वर्णपट (स्पेक्ट्रम) काढला तर सोव्हिएत मुद्रणात ५० हर्ट्झला टोक दिसायला हवं. ते ५१ला असेल तर प्रत दोन टक्के जलद. पण हा गुणगुणाट तुमच्या किंवा आधीच्या कुणाच्या टर्नटेबलचाही असू शकतो, आणि आपल्याकडची वीजही ५० हर्ट्झचीच. म्हणून नेमकं ५०वर टोक सापडलं तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. सरकलेलं टोक सापडलं तरच पुरावा. जपानच्या मैफलींमध्ये आणखी एक गंमत आहे: टोकियोत ५० हर्ट्झ, ओसाकात ६०. ऐंशीच्या दशकातल्या, दूरचित्रवाणीसाठी टिपलेल्या मैफलींच्या ध्वनीत कधीकधी १५,६२५ हर्ट्झची बारीक शिट्टी राहून गेलेली असते. ती ६२५ रेषांच्या चित्रप्रणालीची. ती जागच्या जागी असेल तर वेग बरोबर. एमपी३मध्ये ती बहुधा कापली जाते, त्यामुळे हे फक्त मूळ दर्जाच्या फायलींवर करा.

मोनो की स्टीरिओ हेही लेबलवर सोडू नका. डावा चॅनेल उलटा करून उजव्यात मिळवा. खरं मोनो असेल तर खरखर सोडून जवळजवळ सगळं नाहीसं होतं. जुन्या मोनो मुद्रणांना कृत्रिम स्टीरिओ करून विकलेलं असेल तर उरलेला आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा येतो. अशा वेळी वादनापुढे ‘मोनो’ लिहा आणि प्रकाशनापुढे ‘कृत्रिम स्टीरिओ’.

शोधताना एकलवादकांच्या नावाखालीही पाहा. रिख्तरबरोबरचा चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्तो (१९५९) किंवा ओइस्त्राखबरोबरचा शोस्ताकोविचचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्तो (१९५६) दुकानांच्या आणि ग्रंथालयांच्या याद्यांत बहुधा वादकाकडे लावलेला असतो आणि म्राविन्स्कीच्या यादीतून निसटतो.

कुठून सुरुवात करायची? ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत तिथून, कारण पुढे त्यांच्याशीच तुलना करायची आहे. आधी डॉइच ग्रामोफोनचे दोन संच. मग परदेश-दौरे: लंडन सप्टेंबर १९६०, व्हिएन्ना जून १९७८, आणि जपान १९७३, १९७५, १९७७, १९७९. दौऱ्यांचे छापील कार्यक्रम असतात, त्यामुळे तारीख सहसा डळमळत नाही. १९५८ किंवा १९७०च्या जपान-दौऱ्याचं वादन कुणी म्राविन्स्कीच्या नावानं देत असेल तर ते बाजूला ठेवा. वाद्यवृंद गेला होता, म्राविन्स्की गेला नव्हता. त्यानंतर मॉस्को कॉन्झर्व्हेटरीतल्या फेब्रुवारी १९६५ आणि जानेवारी १९७२च्या मैफली. शोस्ताकोविचची सहावी दोन्हींत आहे, सभागृह तेच आहे, आणि एकीची तारीख दुसरीवर छापली जाण्याची शक्यता भरपूर. वरची पाच खुणांची तपासणी या जोडीवर करून बघा, हात बसेल. मग बेथोव्हेनची चौथी घ्या: लेनिनग्राड एप्रिल १९७३ आणि टोकियो २६ मे १९७३. महिन्याभराचंही अंतर नाही, म्हणून वेळांपेक्षा सभागृहाच्या गुंजारवाकडे आणि श्रोत्यांच्या आवाजाकडे जास्त लक्ष द्यावं लागेल. लेनिनग्राडमधली १९७६ ते १९८४ची वादनं सगळ्यात शेवटी ठेवा, आणि ‘तपासणी बाकी’च्या ओळींना वेगळा रंग द्या, त्यातल्या काही वर्षानुवर्षं तशाच रंगीत राहतील.